शेवटची दोन मिनिटं

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. काही वर्षांपूर्वी मोबाइलवर एक क्लिप फिरत होती. सुरुवातीला ढोल, मागे समुद्राची गाज, आणि मग एक जाड, संथ, पुरुषी आवाज: ‘सात ग्रह एका रेषेत येत आहेत. समुद्र आपली मर्यादा सोडणार आहे. मुंबई, तयार राहा.’ तुमच्याही फोनवर आली असेल. कदाचित तुम्ही ती पुढेही पाठवली असेल.

तो आवाज माझा आहे.

मुलुंडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बरीच वर्षं फिजिक्स शिकवतो. आमच्या भागात मला लोक ओळखतात ते मात्र वेगळ्या कारणाने. जग बुडणार अशी आवई उठली की सोसायट्या, शाळा, ज्येष्ठ नागरिक संघ मला बोलावतात. मी समुद्रासाठी एक स्टीलचं ताट, सूर्यासाठी एक टॉर्च, पृथ्वी-चंद्रासाठी दोन लिंबं आणि त्या महिन्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पिशवीत घालून जातो. तासाभरात लोक हसत घरी जातात. ह्या कामाचा मला अभिमान आहे, तो खोटा कशाला म्हणू?

त्यातला एक किस्सा सांगतो. मुलुंडच्याच एका सोसायटीत गच्चीचं वॉटरप्रूफिंग पावसाळ्याचे चार महिने रखडलं होतं. सेक्रेटरींच्या गुरुजींनी मार्चमध्ये जग संपणार असं सांगितलं होतं, आणि सेक्रेटरींचं म्हणणं, मग गच्चीवर डांबर कशाला? वरच्या मजल्यावरचे लोक छताखाली बादल्या लावून बसलेले. मी ताट नि लिंबं बाहेरच काढली नाहीत. एवढंच विचारलं, “गुरुजींचा एप्रिलमध्ये कार्यक्रम काय आहे?” सेक्रेटरी सहज बोलून गेले, “एप्रिलमध्ये ते नाशिकला असतात. शिबिर आहे. हॉल बुक झालाय.” मग स्वतःचंच बोलणं त्यांच्या कानावर पडलं. मागून वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “शिबिर काय पाण्याखाली आहे का हो?” दुसऱ्या आठवड्यात डांबर आलं.

ह्या धंद्यातली पहिली युक्ती तीच: जगबुडी सांगणाऱ्याला त्याच्या पुढच्या महिन्याबद्दल विचारायचं. दुसरी, आकडा मागायचा. ग्रह ओढतात म्हणता ना, मग किती ओढतात? समुद्राला भरती येते ती मुख्यतः चंद्रामुळे, थोडी सूर्यामुळे. बाकी सगळे ग्रह एका रांगेत उभे केले आणि त्यांची ओढ एकत्र केली, तरी चंद्राच्या त्या ओढीचा दहा हजारावा भागसुद्धा होत नाही. मुंबईच्या मोठ्या भरतीत त्याने नखाच्या जाडीइतकाही फरक पडायचा नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन.

आता दुसरं काम. कॉलेजच्या गॅदरिंगला माझं निवेदन ऐकून एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला अंधेरीच्या एका स्टुडिओत नेलं. माझा आवाज पोटातून काढला तर फार जाड निघतो. आधी मसाल्याच्या आणि टाइल्सच्या जाहिराती केल्या. मग एका चॅनेलसाठी अर्ध्या तासाचे कार्यक्रम आले: पृथ्वीचा अंत, आकाशातून येणारा दगड, समुद्राचा कोप. घरी मी ‘जाहिराती आहेत’ एवढंच सांगायचो.

मी फिजिक्सचा माणूस, मग हे कसं केलं? मी एक अट घातली होती. कार्यक्रमाची शेवटची दोन मिनिटं विज्ञानाची असतील आणि ती मी लिहीन. प्रोड्यूसर विकी लगेच हो म्हणाला. अर्ध्या तासात जाहिराती वजा जाता बावीस मिनिटं उरतात. वीस मिनिटं भीती, दोन मिनिटं खुलासा. मला ती तडजोड फार हुशारीची वाटली होती.

काचेपलीकडून विकी सूचना द्यायचा. एकदा म्हणाला, “सर, प्रलय पोटातून येऊ दे. सायन्स नाकातून बोला. वेगळा माणूस वाटला पाहिजे ना यार.” मी हसलो आणि तसंच केलं. भीतीसाठी जाड आवाज, खऱ्यासाठी हलका, पातळ, जरा घाईचा. सगळ्या कार्यक्रमांत मी असंच वाचलं. आपण काय करतोय हे तेव्हा मनात आलं नाही असं म्हणणार नाही. आलं होतं. पण पुढच्या शनिवारची वेळ ठरलेली असायची.

मग कुणीतरी त्यातल्या एका कार्यक्रमाची शेवटची दोन मिनिटं कापली, वर एका रविवारची तारीख टाकली आणि सोडून दिली. त्या रविवारी अमावास्या होती. त्याच्या आधीच्या आठवड्यात मला तीन व्याख्यानांची बोलावणी आली. माझ्याच आवाजाविरुद्ध मी तीन ठिकाणी बोलणार होतो, आणि खरं सांगतो, तेव्हा मला त्याची गंमतच वाटली होती.

गुरुवारी संध्याकाळी सुजाताचा फोन आला. इथून पुढची नावं बदलली आहेत. सुजाता परब माझी जुनी विद्यार्थिनी, बोरिवलीत औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. वडिलांसोबत गोराई खाडीजवळच्या चाळीत राहायची. आई नव्हती. वडील मालवणकडचे, आधी गिरणीत, मग एका शाळेत शिपाई. त्यांच्या किडन्या निकामी झालेल्या. तीन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस: मंगळवार, गुरुवार, शनिवार.

“सर, बाबा आज गेलेच नाहीत,” ती म्हणाली. “ती क्लिप ऐकून बसलेत. म्हणे रविवारी सगळंच संपणार, मग सुया कशाला टोचून घेऊ?”

“चिडून म्हणत असतील गं.”

“चिडून नाही ना सर, तेच तर. खूश आहेत. तांब्या भरून पाणी पितायत.”

डायलिसिसचा माणूस पाण्याचा हिशेब ठेवून जगतो. लघवी होत नाही, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच साठतं, ते मशीननेच काढावं लागतं. परबांना दिवसाला एक छोटी बाटली ठरवून दिलेली होती. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातच.

“डॉक्टर म्हणाले, शनिवार चुकवायचा नाही. फुफ्फुसात पाणी भरेल. सर, तुम्ही या ना. तुमचं ते ताट नि लिंबं घेऊन. तुमचं ऐकतील.”

शुक्रवारी मी जाऊ शकलो असतो. पण घाटकोपरला व्याख्यान होतं, त्याच क्लिपवर. दोनशे माणसं होती, टाळ्या पडल्या. मी शनिवारी सकाळी बोरिवलीला गेलो.

परबांची खोली छोटी, स्वच्छ. ते कॉटवर भिंतीला टेकून बसले होते, पायांवर सूज, चेहरा मात्र प्रसन्न. साखरेने नजर गेली होती, उजेड आणि माणसांचे आकार तेवढे दिसायचे. शेजारी तांब्या.

“या, मास्तर,” मुलीच्या चाहुलीकडे मान वळवत ते म्हणाले. “चेडू सांगी होता, तुमी जग वाचवतास म्हणान.”

“तेवढं नाही हो,” मी म्हटलं.

“आधी ह्यां ऐका.” त्यांनी उशीखालून फोन काढला आणि चाचपडत लावला.

त्या छोट्या खोलीत माझा आवाज घुमला. स्टुडिओत हेडफोन लावून ऐकणं वेगळं. इथे तो एका आजारी माणसाच्या कॉटवर बसून बोलत होता. ‘मुंबई, तयार राहा.’ परब मान हलवत ऐकत होते, कीर्तनाला बसल्यासारखे.

“आवाज बघा,” ते म्हणाले. “ह्यो माणूस खोटा बोलूचो नाय. माका दिसणा नाय, पण आवाजावरसून माणूस कळता.”

तेव्हा मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी बोलायला तोंड उघडलं आणि माझा आवाज आपोआप वर गेला. नाकात गेला. ओळखू येऊ नये म्हणून. पातळ, घाईच्या आवाजात मी त्यांना चंद्र, सूर्य, भरती, दहा हजारावा भाग सगळं सांगितलं. ताट काढलं, पाणी घातलं, त्यांची बोटं धरून पाण्याला लावली.

ते सगळं नीट ऐकत होते. माणूस हुशार होता. म्हणाले, “अमावास्येक चंद्र-सूर्य एका बाजूक, म्हणान उधाण. ता माका म्हायत हा. मी खाडीवरचो. पण हे सात एका बाजूक इले तर?”

“तरी नखाएवढाही फरक नाही.”

“तुमचा आवाज बसलोहा काय?”

“जरा थंडी झाली आहे,” मी म्हटलं.

सुजाता चहा घेऊन दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती, वर्गात पहिल्या बाकावरून बघायची तशी. डायलिसिसची वेळ बाराची. साडेदहा झाले होते.

मला एकच वाक्य बोलायचं होतं: परबकाका, हा आवाज माझा आहे, कागदावर लिहिलेलं वाचलं होतं, ह्यात काही खरं नाही. ते त्याच क्षणी उठले असते असं मला वाटतं. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. पण दारात सुजाता होती. तिच्यासमोर मी कोण ठरलो असतो? मी चहाचा कप घेतला.

परब हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, खरा सांगू? माका भीती नाय वाटणा. तीन वर्सां मी तान्हेलो आसंय. रविवारी संपतला म्हटल्यावर पयल्यांदा पोटभर पाणी पियालंय.”

मला वाटलं होतं, ह्या माणसाला ग्रहांबद्दल गैरसमज आहे. त्यांना गैरसमज नव्हता, त्यांना सुट्टी हवी होती, आणि माझ्या आवाजाने ती दिली होती.

मग त्यांनीच तोड काढली. “उद्या दुपारी उधाण. माका जेट्टीवर न्या. पाणी पायऱ्या सोडून वर नाय इला, तर सोमवारी सकाळी मी आपल्या पायांन जातंय. देवाची शपथ.”

आणि मी हो म्हणालो. कारण तो प्रयोग होता. अंदाज मांडायचा, खूण करायची, थांबायचं, बघायचं. शिक्षकाला आणखी काय लागतं? आजचा दिवस आपण हातचा घालवतोय हे मला कळत होतं. पण प्रयोग इतका नेटका होता की मला मोह आवरला नाही, आणि त्यात मला काही कबूल करावं लागत नव्हतं.

सुजाता म्हणाली, “सर, चालेल एक दिवस?” तिने डायलिसिस सेंटरला फोन लावला. तिकडून ते चिडून बोलले असावेत. तिने सोमवारी सकाळी सातची वेळ मागून घेतली. मग म्हणाली, “तुम्ही म्हणताय तर ठीक आहे.”

रविवारी भरतीची वेळ बारा अडतीस होती. आम्ही बाराला जेट्टीवर पोचलो. रिक्षातून उतरतानाच परबांना धाप लागली होती. तिकीट खिडकीवरच्या माणसाने प्लास्टिकची खुर्ची दिली. मी पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या मोजल्या. वेळापत्रकातली उंची आणि आदल्या उधाणाची शेवाळाची रेघ बघून वरून तिसऱ्या पायरीवर खडूने रेघ मारली. “इथपर्यंत येईल,” मी पातळ आवाजात जाहीर केलं. “ह्याच्या वर नाही.”

क्लिप ऐकून आलेली आणखी दहा-बारा माणसं होती. दोघं फोन वर धरून चित्रीकरण करत होते. होडीने पलीकडून आलेली एक कोळीण पाटी उतरवत त्यांना म्हणाली, “काय रं, बुडाली का मुंबय? लवकर बुडवा, मला दोनच्या होडीनं परत जायचाय.” लोक हसले. परबही हसले आणि त्यांना खोकला आला. ओला, खोलवरचा खोकला. सुजाताने माझ्याकडे पाहिलं.

“आत्ताच नेऊया,” मी म्हटलं.

“नाय,” परब म्हणाले. “ठरलाहा ता ठरलाहा.”

सव्वाबारा. वरून पाचवी पायरी पाण्याखाली गेली. परबांना दिसत नव्हतं, ते कान देऊन ऐकत होते. पाणी नवीन पायरीला लागलं की त्याचा आवाज बदलतो, आणि ते माझ्याआधी सांगायचे, “चौथी लागली.” त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले होते. मी घड्याळ बघत होतो. जग बुडतंय का ह्यासाठी नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी भरतीला मनातल्या मनात लवकर ये म्हणत होतो. पाणी आपल्या वेळेने येत होतं.

बारा चाळीसला ते तिसऱ्या पायरीवर खडूच्या रेघेपाशी आलं, दोनदा तिच्यावर चढलं, आणि थांबलं. उधाणाच्या माथ्यावर पाणी थोडा वेळ असं उभं राहतं. मग रेघेखालचा ओला दगड बोटभर उघडा पडला.

“उतरला,” परब म्हणाले. मी सांगायच्या आत. त्यांचा चेहरा पडला. सुट्टी संपल्यावर पोरांचा पडतो तसा. “फसवल्यान माका.”

“कुणी, बाबा?” सुजाताने विचारलं.

“त्या आवाजान.”

आणि ते खुर्चीतून पुढे झुकले. श्वास घेता येईना. छातीतून उकळत्या पाण्यासारखा आवाज येत होता. दोघा माणसांनी उचलून रिक्षात घातलं. सुजाता एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मधे ते. रिक्षावाला विचारायला लागला, कुठल्या रस्त्याने घेऊ, आणि मी ओरडलो, “हॉस्पिटल. सरळ घे. थांबू नकोस कुठे.”

घाबरल्यामुळे मी आवाज चोरायला विसरलो होतो. तो पोटातून आला.

परबांनी मान माझ्याकडे वळवली. डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, पण ते बघत होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि पोचेपर्यंत सोडलं नाही. सुजाताला वाटलं, आधारासाठी धरलंय.

ते वाचले. तातडीने डायलिसिस झालं, चार दिवस अतिदक्षता विभागात काढले. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, “शनिवारी का आणलं नाही?” मी म्हटलं, तयार नव्हते. हृदयावर ताण आला तो मात्र कायमचा राहिला. त्यानंतर परब चाळीचा जिना उतरून खाली बाकावर बसायला येऊ शकले नाहीत.

पाचव्या दिवशी मी भेटायला गेलो. सुजाता औषधं आणायला खाली गेली होती. परब डोळे मिटून होते. पावलं ऐकून म्हणाले, “मास्तर काय?”

“हो, काका.” आता नाकातून बोलण्यात अर्थ नव्हता.

“कित्याक केलास?” त्यांनी विचारलं.

मी अटीबद्दल सांगितलं, शेवटच्या दोन मिनिटांबद्दल सांगितलं. ती कुणीतरी कापली असंही सांगितलं. सांगताना ते किती तोकडं आहे ते मला ऐकू येत होतं.

“ती दोन मिन्टां आसती तरी माका पटली नसती,” ते म्हणाले. “तुमी घरात येऊन तीच सांगितलास ना? त्याच बारीक आवाजात. पटली काय?”

“नाही,” मी म्हटलं.

“खरा होता ता असा चोरट्यासारखा कित्याक सांगूचा?” त्यांना दम लागला. थांबून म्हणाले, “चेडवाक मी सांगूचंय नाय. तिचो तुमच्यावर लय जीव. तुमीच सांगा तिका. आणि त्या जाड आवाजात सांगा.”

मी म्हटलं, सांगेन.

आठ महिन्यांनी परब गेले. झोपेत, घरी. डॉक्टरांनी त्या रविवारशी ह्याचा संबंध जोडला नाही, सुजातानेही नाही. मी जोडतो. शनिवारी ते डायलिसिसला गेले असते तर त्यांचं हृदय आणखी किती चाललं असतं, ह्याचा आकडा कुणी देऊ शकणार नाही, आणि आकडा मागायची सवय मीच लोकांना लावली आहे.

स्टुडिओ मी त्याच आठवड्यात सोडला. विकी फोनवर म्हणाला, “अहो सर, क्लिप कुणी कापली, तुमची काय चूक?” त्याच्या बाजूने त्याचं बरोबर होतं. व्याख्यानं चालू आहेत. ताट आणि लिंबं अजून नेतो. एक बदल केला आहे. हल्ली समोरच्याला मी आधी विचारतो, की समजा रविवारी जग खरंच संपणार असेल, तर सोमवारचं कुठलं काम टळेल म्हणून तुम्हाला बरं वाटेल? लोक आधी हसतात. मग एखादी सून सासूकडे बघते, एखादा मुलगा बारावीच्या पुस्तकाचं नाव घेतो, एखादे आजोबा गप्प होतात. त्या गप्प होणाऱ्यांशी मी नंतर वेगळा बसून बोलतो. ग्रहांचं राहू देतो.

सुजाता दरवर्षी तिच्या दुकानाजवळच्या महिला मंडळात माझं व्याख्यान ठेवते. ओळख तीच करून देते. “ह्या सरांनी माझ्या बाबांना समजावलं,” ती म्हणते. “नाहीतर ते त्याच रविवारी गेले असते.” बायका टाळ्या वाजवतात. मी माइकपाशी येतो, घसा साफ करतो आणि भरतीबद्दल बोलायला लागतो. असं तीनदा झालं आहे.

हा लेख लिहून मोकळं झाल्यासारखं वाटेल असा माझा अंदाज होता. तो चुकला. लिहिणं हाही माझा हलका आवाजच आहे. नावं बदलली आहेत, समोर कुणी नाही, आणि हे आधी संपादक वाचतील, मग तुम्ही. सुजाता दिवाळी अंक वाचत नाही.

म्हणून देणं अजून तसंच आहे. बोरिवलीला जायचं, तिच्यासमोर बसायचं आणि सांगायचं, की तुझ्या बाबांनी ऐकला तो आवाज माझा होता, शनिवारी सकाळी साडेदहाला मला ते सांगता आलं असतं, आणि मी चहा प्यायलो. हे सांगताना आवाज बदलायचा नाही.